गच्चीतली शेगडी

भाऊजींनी जेवताना शेगडीचा विषय काढला आणि वहिनीचा घास हातातच राहिला.

तसं त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. भाऊजी म्हणजे तिचे धाकटे दीर, मालवाहू जहाजावर आचारी. सुट्टीवर घरी आले की थोड्याच दिवसांत त्यांचे हात शिवशिवायला लागायचे आणि मग ते घरातल्या कशात ना कशात लक्ष घालायचे. या खेपेला त्यांची नजर स्वयंपाकघरामागच्या गच्चीवर पडली होती. गच्ची कसली, दोघांनी खुर्च्या टाकल्या तर तिसऱ्याने उभंच राहावं, एवढीशी ती जागा. तीन बाजूंनी कमरेच्या वर येणारा भरीव कठडा, चौथ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार, डोक्यावर कपड्यांची दोरी. पण तिथे गॅसवरचं एखादं छोटं ग्रिल सहज मावेल, रविवारी सगळ्यांनी जमावं, कणसं भाजावीत, मासे भाजावेत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. जहाजावर परत जायच्या आधी आईला एवढं घेऊन देतो, म्हणाले.

"गॅसचं कशाला? विजेवरचं घेऊ या," वहिनी म्हणाली. जरा जास्तच घाईने म्हणाली.

भाऊजी हसले. विजेवर कणीस नुसतं गरम होतं, भाजत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोन्हीकडे मान डोलावली. सासूबाई ताटातून नजर न उचलता म्हणाल्या, "गॅस गळेल म्हणून घाबरतेस की काय? अगं, या घरात गॅस गळाला तर सगळ्यांच्या आधी तुलाच कळेल."

सगळे हसले. वहिनीही हसली. पण पुढचा घास तिने उचलला नाही.

कारण वहिनीला वास येतच नव्हता. गेल्या थंडीत ताप आला, चार दिवस अंथरुणात काढून ती उठली, अंगातली कणकण गेली, पण वास काही परत आला नाही. सर्दी असेल म्हणून तिने वाफारे घेतले, औषधं घेतली, वाट पाहिली. मग एका सकाळी कारखान्यात तिने सुगंधाची बाटली उघडून नाकाशी धरली आणि तिला वाटलं, आपण खिडकीची काच हुंगतोय. दुसरी बाटली उघडली. तिसरी उघडली. त्या सकाळपासून तिच्या मनात भीतीने जे घर केलं, ते अजून हललं नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या घरात हे झालं असतं तर बाईने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं असतं. पण हे घर साबणावर उभं होतं आणि साबण नाकावर. सासऱ्यांच्या माघारी सासूबाईंनी कारखाना चालवला तो हुंगून. तेल खवट व्हायला लागलंय का, सुगंध कमी पडलाय की जास्त झालाय, कुठली खेप बाजारात जाईल आणि कुठली परत कढईत, हे त्या नाकाने ठरवत आणि त्यांचा शब्द शेवटचा असे. वय झाल्यावर त्यांनी नमुन्यांच्या टेबलावर कुणाला बसवायचं याचा निकाल भर कारखान्यात लावला होता. एका बाजूला पोटची मुलगी, दुसऱ्या बाजूला सून. दोघींच्या डोळ्यांवर फडकी बांधून त्यांनी एकेक वडी हुंगायला दिली आणि सुनेला निवडलं. मुलीला कचेरीचं काम दिलं.

ती मुलगी म्हणजे ताई. त्या दिवसापासून ताईंनी वहिनीला नावाने हाक मारली नव्हती. वयाने मोठ्या असूनही त्या धाकट्या भावासारखं 'वहिनी'च म्हणायच्या, आणि त्या हाकेला बारीकसं टोक असायचं.

तेव्हा वहिनीने कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे. ती टेबलावर पूर्वीसारखी बसायची, वडी नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि मग शेजारी उभ्या असलेल्या कामगाराला विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" वहिनी आपल्याला शिकवतायत या समजुतीने ते खूश होऊन सांगायचे, आणि ती त्यांच्याच शब्दांवर होकार किंवा नकार द्यायची. बाकीचं रंगावरून, फेसावरून, बोटाला वडी कशी लागते त्यावरून. घरी दूध नासलंय का हे कळायला ती ते आधी उकळून बघायची. चादरी गरज नसताना धुवायची. आणि झोपायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची बटणं पुन्हा पुन्हा चाचपायची, अंथरुणात पडायची, आणि परत उठून चाचपायची.

आता भिंतीपलीकडे आणखी एक सिलेंडर येणार होता.

दुकानात सगळेच गेले. सासूबाईंना अशा वेळी मागे राहायला आवडत नसे, आणि त्या निघाल्या म्हटल्यावर ताईही आल्या. दुकानदार बोलका होता. त्याने नवऱ्याने लिहून आणलेली गच्चीची मापं बघितली आणि मोठाली ग्रिलं सोडून सरळ कोपऱ्यातल्या दोन लहान ग्रिलांकडे नेलं. एक चाकांच्या गाड्यावरचं, जरा रुंद. वाऱ्याने ज्योत विझली तर त्यातला गॅस आपोआप बंद व्हायचा. दुसरं घडीच्या पायांचं, सुटसुटीत, भिंतीला लावून ठेवता येईल असं. त्यात ती सोय नव्हती. दोन्हींचा सिलेंडर खाली, दोन्हींचं झाकण वरून मिटणारं.

वहिनीने चाकांच्या ग्रिलावर हात ठेवला. "हेच बरं," ती म्हणाली.

"मलाही हेच ठीक वाटतं," ताई म्हणाल्या. वहिनीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ताईंचं कारण आपलं वेगळंच होतं. घडीच्या वस्तू त्यांना भरवशाच्या वाटत नसत, घडीच्या खुर्चीत त्यांचं बोट सापडलं होतं. पण नवऱ्याने टेप काढून माप धरलं तर चाकांचं ग्रिल ठेवल्यावर गच्चीचं दार अर्धंच उघडणार होतं. भाऊजी म्हणाले, मग प्रश्नच मिटला.

वहिनीने दुकानदाराला विचारलं, हे छोटं विझलं तर कळणार कसं? आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं.

दुकानदार म्हणाला, वासाने कळतं की. या गॅसला स्वतःचा वास नसतो, पण माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम कुजकट वास मिसळतात. फक्त एक लक्षात ठेवा, हा गॅस हवेपेक्षा जड. वर जाऊन पसार होत नाही, पाण्यासारखा खाली बसतो. कठडा भरीव असेल तर पाणी जायचं भोक मोकळं ठेवा. असं म्हणत त्याने नमुन्याच्या सिलेंडरची कळ पुसटशी सोडली आणि लगेच बंद केली. "आला ना?"

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. भाऊजींनी तोंड वाकडं केलं, नवरा मागे सरकला. वहिनी त्यांच्याकडे बघत होती. बघून झाल्यावर तिने नाक मुरडलं. सगळ्यांच्या नंतर, अगदी निमिषभर नंतर. मान वळवली तेव्हा ताई तिच्याकडेच पाहत होत्या.

"घडीचंच द्या," सासूबाई दुकानदाराला म्हणाल्या. "आमच्या घरात नाक आहे. आम्हाला कसली भीती."

रविवारी दुपारी सगळे जमले. ताई पलीकडच्या रस्त्यावर राहत, त्या भाज्या चिरून घेऊन आल्या. ऊन लख्ख होतं, मधूनच वारा सुटत होता. भाऊजींनी शेगडी भिंतीला लावून उभी केली, सिलेंडर जोडला, पेटवली आणि कणसं मांडली. सगळ्यांनी आळीपाळीने गच्चीत डोकावून कौतुक केलं. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि तिथूनच सूचना करत होत्या.

वहिनी शेगडीपाशी उभी राहिली ती हलेचना. भाऊजींनी दोनदा म्हटलं, तुम्ही बसा, मी बघतो. तिने ऐकलं नाही. नाक नसलं तरी डोळे आहेत, ज्योत दिसतेय तोवर घाबरायचं कारण नाही, असं ती स्वतःला बजावत होती.

मग भाऊजी मासे आणायला खाली गाडीकडे गेले. नवरा शेजारून खुर्च्या मागून आणायला गेला. सासूबाईंनी आतून हाक मारली, तो वरचा डबा माझ्याच्याने निघत नाही, जरा काढून दे. वहिनीने आच बारीक केली, झाकण अर्धवट ओढलं आणि आत गेली. डबा काढून दिला. सासूबाईंना मीठ हवं होतं, ते दिलं. ताटं पुसून हवी होती, ती पुसली. बाहेर दोरीवरचं फडकं वाऱ्याने फडफडल्याचं तिच्या कानांवर आलं, पण त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला नाही.

परत येऊन तिने झाकण उचललं. उन्हात निळी ज्योत दिसतच नव्हती. मघाशीही नीट दिसत नव्हती, म्हणून तिला त्यात वावगं वाटलं नाही. तिने जाळीवर तळहात धरला. लोखंड चांगलं तापलेलं होतं. म्हणजे चालू आहे. ती कणसं फिरवत राहिली. फिरवता फिरवता तिला दिसलं की दाण्यांचा रंग काही बदलत नाहीये, आणि मघाचा तो बारीक तडतड आवाजही थांबलाय. विझली वाटतं, तिच्या मनात आलं. आत्ताच विझली असेल. पेटवून टाकावी, भाऊजी यायच्या आत. तिने कठड्यावरचा लायटर उचलला.

"वहिनी."

ताई दारात उभ्या होत्या. त्यांचा आवाज इतका हळू होता की वहिनीला मान वळवायला क्षणभर वेळ लागला.

"हातातलं खाली ठेव."

"कणसं?"

"लायटर. दाबू नकोस. जिथून उचललास तिथे ठेव."

वहिनीने ठेवला. ताई पुढे आल्या नाहीत, आधी मागे वळल्या. आत स्वयंपाकघरात, दारापासून हातभर अंतरावर, गॅसवर भाताचं पातेलं चढवलेलं होतं आणि त्याखाली ज्योत ढणढण जळत होती. ताईंनी ती बंद केली. आईला म्हणाल्या, जरा बाहेरच्या खोलीत बस, इथे फार उकडतंय. मग गच्चीत आल्या, दार मागे ओढून घेतलं, शेगडीचं बटण फिरवलं, खाली वाकून सिलेंडरची कळ आवळली आणि पाणी जायच्या भोकावर कुणीतरी ठेवलेली रोपाची कुंडी पायाने बाजूला ढकलली.

तेव्हा कुठे वहिनीच्या लक्षात आलं की आपण कशात उभ्या आहोत. गॅस पायांशी, घोट्यांपाशी, कदाचित गुडघ्यांपर्यंतही असेल. दिसत काही नव्हतं. तिने कठडा धरला. बटण बारीक करून आपण आत गेलो, मीठ दिलं, ताटं पुसली, परत आलो, कणसं फिरवली. एवढा सगळा वेळ गॅस चालू होता, आणि आता बोटाच्या एका दाबाने तो पेटला असता. आत म्हातारी सासू. जिन्यात नवरा.

"हलू नकोस," ताई म्हणाल्या. "कठड्यावरून बाहेर वाक आणि श्वास घे. वारा आहे, जाईल." त्या स्वतः नाकावर रुमाल दाबून तिच्या शेजारी वाकल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल धूत होतं. दोघी बघत राहिल्या.

"दुकानात मला वाटलंच होतं," ताई म्हणाल्या. "मग म्हटलं, छे, कसं शक्य आहे. इथे दारात आले तर वासाने मला मळमळलं. आणि तू मधोमध उभी. कधीपासून?"

"थंडीपासून. ताप आला होता तेव्हापासून."

"दादाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे एवढ्या सगळ्या खेपा तू..."

"रंगावरून. लोकांच्या तोंडाकडे बघून."

वहिनी ताईंच्या चेहऱ्यावर आनंद उमटायची वाट पाहत होती. थंडीपासून ज्या क्षणाची ती धास्ती घेऊन होती, तो हाच. पण ताईंच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्यांनी खालचा ओठ दातांखाली घट्ट धरला होता.

दारावर थाप पडली. सासूबाई आल्या होत्या. "दार का लावलंय? आणि गॅसचा वास येतोय, कळतंय का कुणाला?"

ताईंनी दार उघडलं. "माझ्या हातून बटण अर्धवट राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "वहिनीने वेळेवर पकडलं."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं. "सांगत नव्हते मी?" सासूबाई म्हणाल्या, आणि मुलीकडे वळून तिच्या निष्काळजीपणाबद्दल बरंच काही बोलल्या. ताई खाली मान घालून ऐकत राहिल्या.

जेवणं आत बसून झाली. शेगडी परत कुणी पेटवली नाही. भाऊजींनी मासे तव्यावर परतले आणि झाल्या प्रकाराची थट्टा करून वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. त्यांच्या जहाजावर असल्या चुकीला माणसाला थेट बंदरात उतरवतात, ताईला कुठे उतरवायचं, वगैरे. वहिनी मधूनमधून हसत होती. पण ती सारखी ताईंकडे बघत होती. आता या माझ्याकडून काय मागतील? आज सावरून घेतलं, उद्या काय? मघाशी गच्चीतली भीती निदान वाऱ्याने जाण्यासारखी होती. ही आता जन्मभर पुरणार होती.

भांडी आवरताना ताई स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मी तुझ्यासाठी खोटं बोलले असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "तू थरथरत होतीस. तशी तुला आईसमोर उभी करायला मला धजवलं नाही, एवढंच."

"तुम्ही सांगणार त्यांना?"

"नाही. तूच सांग. आज, मी घरी जायच्या आत. नाहीतर मला घरी बसून झोप लागणार नाही. इथून फोन वाजला की वाटेल, झालं."

वहिनीने नळ बंद केला. "टेबल तुम्हाला मिळेल," ती म्हणाली.

"मिळेल," ताई म्हणाल्या. "मला ते हवं होतं. अजूनही हवंय, खोटं कशाला बोलू? पण तू लायटर हातात धरून उभी होतीस ना, तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही." त्यांनी आपला हात पुढे करून दाखवला. तो अजून कापत होता. "बघ. मघापासून असंच चाललंय."

वहिनीने हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेली. सगळे बसले होते. बसायला जागा होती, पण ती उभीच राहिली. आणि मधे न थांबता तिने सांगितलं, की बटण ताईंच्या हातून राहिलं नव्हतं, शेगडी वाऱ्याने विझली होती, मी त्या गॅसमध्ये उभी होते आणि मला पत्ता नव्हता, कारण मला वास येत नाही. थंडीपासून येत नाही.

भाऊजींच्या तोंडचं हसू हळूहळू मावळलं. नवरा उठून उभा राहिला, परत बसला. "मला सुद्धा नाही सांगितलंस?" एवढंच तो म्हणाला आणि त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याच्या आवाजात राग कमी होता, दुखावलेपण जास्त होतं. वहिनीला राग परवडला असता.

सासूबाई उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि कपाटातून एक लहान बाटली घेऊन आल्या. बूच काढून त्यांनी ती सुनेच्या नाकाशी धरली.

"काय आहे?"

"माहीत नाही, आई."

त्यांनी बाटली आणखी जवळ आणली. "नीट बघ. घाई करू नकोस."

वहिनीने खोल श्वास घेतला. बाटलीचा गार काठ ओठाला लागला, बाकी काही नाही. "माहीत नाही."

"आई, पुरे," भाऊजी म्हणाले.

सासूबाई बूच लावायला लागल्या, पण ते काही केल्या बसेना. त्यांची बोटं घसरत होती. ताई उठल्या, त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि बूच लावलं. सासूबाई खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं वहिनीने त्यांना कठोर पाहिलं होतं, रागावलेलं पाहिलं होतं, नवऱ्याच्या प्रेताशेजारी कोरड्या डोळ्यांनी बसलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं आज पहिल्यांदा पाहत होती.

"तू विजेवरची म्हणत होतीस," त्या म्हणाल्या. "दुकानात ती मोठी म्हणत होतीस. आणि मी तोऱ्यात सांगत सुटले, घरात नाक आहे. माझ्यापायी आज तू गेली असतीस. माझ्यापायी."

मग त्यांनी पदराने चेहरा पुसला, आणि पुसून झाल्यावर तो पुन्हा नेहमीचा चेहरा झाला होता. शेगडी आजच्या आज परत करा, त्यांनी भाऊजींना सांगितलं. मुलाला सांगितलं, उद्या हिला डॉक्टरकडे ने. आणि सुनेकडे न पाहता म्हणाल्या, "उद्यापासून टेबलावर ताई बसेल."

हे होणार हे वहिनीला माहीत होतं. तरी ऐकताना पायाखालची फरशी सरकल्यासारखं वाटायचं ते वाटलंच.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वास येईलही, नाहीही येणार, वाट पाहणं हाच उपाय. भाऊजींची बोट सुटली. नवऱ्याने स्वयंपाकघरात गॅस गळला तर वाजणारं एक यंत्र बसवलं आणि पुढे बरेच दिवस तिच्याशी मोजकंच बोलला. मग एका संध्याकाळी त्याने आपणहून दुधाचं पातेलं हुंगलं आणि चांगलं आहे असं तिला सांगितलं, न विचारता. यंत्र कधी वाजलं नाही. तरीही वहिनी बटणं चाचपायची थांबली नाही. भीती सांगून टाकली की जाते, असं तिला वाटलं होतं. ती गेली नाही. फक्त आता ती एकटीची राहिली नव्हती.

कारखान्यात तिला कचेरीत ताईंच्या जागी बसवलं. बिलं, फोन, गाड्यांच्या वेळा. मधल्या काचेतून तिला नमुन्यांचं टेबल दिसायचं आणि ताईंची पाठ दिसायची. ती पाठ रोज थोडी अधिक ताठ व्हायची. कामगार टेबलापाशी थांबायचे, एकमेकांकडे बघायचे आणि निघून जायचे. एके दिवशी ताईंनी मागे न वळता काचेवर बोटांनी टकटक केलं.

वहिनी आत गेली. टेबलावर तेलाच्या बाटल्या मांडलेल्या होत्या, नवीन व्यापाऱ्याने पाठवलेल्या. यातलं कुठलं घ्यायचं ते दुपारपर्यंत सांगायचं होतं.

"मला वास येतो," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "सगळा येतो. पण तो कसला आहे, त्याचं पुढे काय होईल, ते मला कळत नाही. आईने तुला निवडलं ते काही उगाच नाही. आईला विचारायची मला भीती वाटते." त्यांनी स्टूल ओढून दिलं. "मी सांगते. तू सांग त्याचा अर्थ."

पहिली बाटली हुंगून ताई म्हणाल्या, गोडसर आहे, पण घशात खाजतं. वहिनीने डोळे मिटले. तो वास तिला आठवला, जसाच्या तसा. "तेल जास्त तापवलंय," ती म्हणाली. "साबणाला पिवळेपणा येईल. नको." दुसऱ्या बाटलीला ताई म्हणाल्या, काहीच नाही, नुसतं स्वच्छ, ओल्या काचेसारखं. वहिनी म्हणाली, हे बाजूला ठेवा, हे चांगलं आहे.

तिसरी बाटली ताईंनी बराच वेळ हुंगली. "वाईट नाही. पण काहीतरी आहे. जुन्या ट्रंकेतल्या लोकरीसारखं. आणि त्याच्याही मागे काहीतरी, किंचित आंबट."

वहिनीने डोळे मिटले आणि शोधलं. जुनी ट्रंक तिला दिसली, लोकर बोटांना लागली. वासाच्या जागी मात्र काही नव्हतं. तिने पुन्हा शोधलं. थंडीपासून ती एका गोष्टीवर तग धरून होती, की नाक गेलं तरी आठवण आहे. आठवणही चालली होती की काय, एकेक करून, तिला न कळता?

खवट आहे, नको, असं म्हणून टाकणं सोपं होतं. इतके महिने तिने तेच केलं होतं आणि शब्द जिभेवर तयार होते. ताईंनी विश्वास ठेवला असता.

"आठवत नाही, ताई," ती म्हणाली. "हा वास मला आठवतच नाहीये."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. टेबलावरच्या तिच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग दुसऱ्या हाताने बाटली परत नाकाशी नेली.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. तू सावकाश ऐक."